मावशीच्या कॉम्प्युटरमधली पाल

"अरे, कॉम्प्युटरमधून पाल चुकचुकल्यासारखा आवाज येतोय," मावशी फोनवर म्हणाली तेव्हा मी ऐरोली स्टेशनच्या जिन्यात होतो, तिथेच थांबलो आणि म्हटलं, मावशी, आत्ताच्या आत्ता मशीन बंद कर आणि मी येईपर्यंत हात लावू नकोस. ती म्हणाली, "अरे पण उद्या सकाळी दोन ॲफिडेव्हिट द्यायचीयेत." म्हटलं वकिलांना सांग एक दिवस थांबा, काहीही कर, पण ते चालू करू नको. हार्डडिस्क अशी ठरावीक अंतराने टक टक करायला लागली की बहुतेक वेळा आतलं हेड परत परत जागा शोधत असतं आणि सापडत नसते, आणि अशा डिस्कला जितकं जास्त चालवाल तितका आपला डेटा परत मिळायचा चान्स कमी होत जातो.

मावशी नौपाड्यात राहते आणि गेली पंचवीस वर्षं कोर्ट नाक्यावरच्या वकिलांची मराठी टायपिंगची कामं घरून करते, ॲफिडेव्हिट, नोटिसा, भाडेकरार, हक्कसोडपत्र, सगळं. टाइपरायटरवर मराठी ३० आणि ४० च्या परीक्षा दिलेल्या, बोटं अजून त्याच रेमिंग्टन कीबोर्डवर चालतात, आणि कॉम्प्युटरमध्ये जे मराठी सॉफ्टवेअर आहे ते युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचं आहे, त्याचा मागे यूएसबीत एक हार्डवेअर लॉक लावलेला आहे, तो काढला की सॉफ्टवेअर उघडतच नाही. तिची फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली तर मराठीचं एक अक्षर दिसत नाही, नुसती टोप्या घातलेली, शेपट्या लावलेली इंग्रजी अक्षरं दिसतात, कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर बसवलेली असतात आणि फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. हे सगळं सांगायचं कारण असं की ज्याला विचारावं तो म्हणतो "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाक" नाहीतर "आता नवीनच घ्या", आणि मावशीसाठी दोन्ही कामाचं नाही, सॉफ्टवेअरची सीडी दोन घरं बदलताना कुठे गेली कोणालाच माहीत नाही. म्हणजे आहे ते सगळं जसंच्या तसं नवीन डिस्कवर जायला हवं होतं.

माझा मावसभाऊ बंगलोरला असतो, त्याने काळजीने त्याच रात्री ऑनलाइन एक १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरणारी चकती नसलेली, चिपवरची वेगवान डिस्क) मागवून दिली, च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते ती, आणि मी पोचायच्या आधी ती घरी आलेली होती. वस्तू एकदम चांगली, पण मावशीचा कॉम्प्युटर २०१४ चा, असेंबल्ड, इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय३, एच८१ चिपसेटचा (म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपचा) बोर्ड, आणि त्याच्यावर एम.२ चा, म्हणजे ही पट्टी बसवायचा, स्लॉटच नाही. कार्ड टाकून पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये ती बसवता येते हे खरं, पण त्या काळातल्या बहुतेक बोर्डांचं बायोस (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) एनव्हीएमईवरून बूट करत नाही, म्हणजे दुसरी डिस्क म्हणून चालेल पण विंडोज तिच्यावरून सुरू होणार नाही, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. ती परत पाठवली. मला ह्या सगळ्या प्रकरणात लोकांना एकच गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते, की डिस्क घ्यायच्या आधी कॅबिनेटचं झाकण उघडा आणि आत बघा. ऑफर दोन दिवसांनी परत येते.

रविवारी सकाळी मी पेनड्राइव्हवर लिनक्स टाकून घेऊन गेलो, म्हणजे त्या डिस्कवरचं विंडोज चालूच करायला नको. पहिलं काम डेटा, बाकी सगळं नंतर. एका ओळखीच्या माणसाने चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) मारून बघा असं सुचवलं होतं, ते अजिबात करू नका, खराब होत चाललेल्या डिस्कवर चेकडिस्क किंवा डीफ्रॅग म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणं आहे, पूर्ण डिस्क वाचून काढायला लावतं ते आणि वर लिहायलाही लागतं. मी लिनक्स चालू करून मावशीचं "काम" नावाचं फोल्डर आधी माझ्या एक्सटर्नल डिस्कवर कॉपी केलं. सतरा वर्षांच्या फाइल्स (२०१४ च्या आधीच्या जुन्या मशीनवरूनही आणलेल्या), सगळ्या मिळून जेमतेम ६ जीबी, कारण टाइप केलेला मजकूर जागा खातच नाही. दोन फाइल्स वाचल्या गेल्या नाहीत. मावशीने नावं बघितली आणि म्हणाली, ह्याच्या छापील प्रती आहेत माझ्याकडे, चिंता करू नकोस. तेव्हा कुठे आम्ही दोघांनी चहा घेतला.

मग स्मार्ट बघितलं. स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती, विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दिसते. त्यात दोनतीन ओळी बघायच्या, ०५ म्हणजे किती सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) खराब म्हणून बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले, सी५ म्हणजे किती सेक्टर वाचता येत नाहीत आणि निर्णय बाकी आहे, आणि सी७ वाढत असेल तर डिस्क नाही तर बहुतेक केबल खराब आहे, नवी केबल लावून बघा. मावशीच्या डिस्कवर ०५ आणि सी५ दोन्ही वर गेलेले, म्हणजे आता चर्चाच नाही.

आता कॅबिनेट. बाल्कनीत नेऊन उघडलं तर आत दहा वर्षांची धूळ, तिच्यावर पावसाळ्यातली दमट हवा बसून तिचा नमदा झालेला, प्रोसेसरच्या फॅनखाली तर जाळीच दिसत नव्हती. ब्रशने साफ केलं (पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर गरगर फिरतात) आणि मग मोबाइलचा टॉर्च लावून मदरबोर्डवर छापलेलं मॉडेलचं नाव वाचलं. ते नाव मिळालं की अर्धं काम झालं, कारण कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाचं मॅन्युअल पीडीएफमध्ये असतं आणि त्यात प्रत्येक पोर्ट कुठला आहे ते चित्रासकट दिलेलं असतं. मशीन चालू होत असेल तर उघडायचीही गरज नाही, सीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरच्या मेनबोर्ड टॅबमध्ये नाव दिसतं, पण मोकळी जागा आणि वायरी तर उघडल्याशिवाय दिसत नाहीत ना.

मॅन्युअलमधून कळलं की बोर्डवर साटाचे, म्हणजे डिस्कची वायर लावायचे, चार पोर्ट आहेत, पण चारही सारखे नाहीत. एच८१ मध्ये दोन पोर्ट ६ गिगाबिटचे असतात आणि दोन ३ गिगाबिटचे. ६ गिगाबिट ऐकून लोक हिशोब चुकवतात, साटामध्ये एक बाइट पाठवायला १० बिट लागतात, म्हणजे ६ गिगाबिट म्हणजे सेकंदाला ६०० एमबी आणि ३ गिगाबिट म्हणजे ३०० एमबी. फिरत्या हार्डडिस्कला ३०० सुद्धा पुरून उरतात, पण साटा एसएसडी ५०० च्या वर जाते, तिला हळू पोर्टवर लावली तर चालेल, खराब काही होणार नाही, फक्त निम्मा वेग वाया जाईल. जुनी डिस्क नेमकी हळू पोर्टवर आणि डीव्हीडी रायटर जोरातल्या पोर्टवर, ज्याने असेंबल केलं त्याने हाताला लागला तो पोर्ट लावला असणार. तुमचा बोर्ड ह्याहून जुना, एच६१ वाला वगैरे असेल, तर चिपसेटचे सगळेच पोर्ट ३ गिगाबिटचे असतात, तरी एसएसडी जरूर टाका, कारण खरा फरक त्या आकड्यातला नाहीच, खरा फरक शोधण्याचा आहे. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी मारायला ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवा तो तुकडा हेडखाली यायची सरासरी ४ मिलिसेकंद नुसती वाट बघायची, वर हेड सरकायचा वेळ वेगळा, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे वाचत असतं. एसएसडीत फिरणारं काही नाही त्यामुळे ही वाट बघणंच संपतं.

साटाची एक गोष्ट फार चांगली आहे, मागचं-पुढचं सगळं एकमेकांशी चालतं. २००३ च्या आसपासच्या पहिल्या साटा बोर्डापासून आजच्या साटा डिस्कपर्यंत तीच ७ पिनांची डेटा केबल आणि तीच १५ पिनांची पॉवर. त्याच्या आधीची ती रुंद चपटी रिबन केबल, ४० पिनांची, ती आयडीई, तुमच्याकडे तसलं मशीन असेल तर ही सगळी गोष्ट वेगळी आहे.

पॉवरकडे कोणी बघत नाही. मावशीच्या एसएमपीएसला (कॅबिनेटमधला वीज देणारा डबा) साटा पॉवरची दोनच तोंडं होती, एक डिस्कला आणि एक डीव्हीडी रायटरला, आणि आम्हाला दोन डिस्क लावायच्या होत्या, विंडोजसाठी एसएसडी आणि काकांसाठी ४ टीबीची मोठी हार्डडिस्क. काकांनी घरातल्या सगळ्या हॅन्डीकॅमच्या टेपा डिजिटल करून आणल्यात, तासाभराच्या टेपेला १३ जीबी, आणि त्या तीन वेगवेगळ्या एक्सटर्नल डिस्कवर विखुरलेल्या आहेत. दुकानात मोलेक्सचं (जुन्या पद्धतीचं पॉवरचं तोंड) साटा करणारा छोटा जोड मिळतो, पण त्यातला वायरी प्लॅस्टिकमध्ये ओतून बनवलेला जो स्वस्त प्रकार असतो तो घेऊ नका, आतल्या वायरी सरकून एकमेकींना लागतात आणि तो चक्क जळतो, ज्यात वायरी वरून दाबून बसवलेल्या दिसतात तो त्यातल्या त्यात बरा. आम्ही तेही केलं नाही. मावशीला विचारलं, शेवटची सीडी कधी घातलीस? तिला आठवेना. रायटरची वायर काढून मोठ्या डिस्कला लावायची ठरवली.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या गल्लीतल्या दुकानात गेलो. पूर्वी अशा कामाला थेट ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचो, पण दोन वस्तूंसाठी रविवारचा मेगाब्लॉक कोण झेलणार, आणि रविवारी तिकडे बरीच दुकानं बंद. दुकानदाराने ४८० जीबीची एसएसडी पुढे केली, म्हणाला ५०० आणि ४८० मध्ये काय फरक साहेब. फरक आहे, आणि तो नेमका आमच्या कामात आडवा येणारा, कारण मावशीची जुनी डिस्क ५०० ची. ५०० जीबीच्या डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात, सगळ्या कंपन्या हा ठरलेला आकडा पाळतात, आणि ४८० वर ९३,७७,०३,०८८. क्लोनझिलासारखं अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवणारं सॉफ्टवेअर नवीन डिस्क जुन्याइतकी किंवा मोठी असावी असं धरून चालतं, एका सेक्टरने जरी लहान असली तरी सरळ नाही म्हणतं, मग आधी पार्टिशन लहान करत बसा, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर पार्टिशन लहान करणं म्हणजे आत्ता सांगितलेलं पळायला लावणंच झालं. ५०० चीच घेतली, २.५ इंची साटा, सोबत ३.५ इंची जागेत बसवायचा ब्रॅकेट. स्क्रूसुद्धा वेगळे असतात हो, एसएसडीला बारीक आट्यांचे आणि मोठ्या हार्डडिस्कला जाड आट्यांचे, जबरदस्तीने पिळले तर आटे जातात.

मोठ्या डिस्कला मात्र मी वेळ घेतला. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून "नवीन" म्हणून घेतलेली डिस्क घरी लावून बघितली तर स्मार्टमध्ये २१ हजार तास चाललेली होती, म्हणजे रात्रंदिवस जवळजवळ अडीच वर्षं, बहुधा कुठल्यातरी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेली, आणि परत करायला गेलो तर सील फोडलंय म्हणून घेईनात. तेव्हापासून मी आधीच सांगतो की लावून तास बघणार, शून्याच्या आसपास नसले तर परत आणणार, आणि हे बिलावर लिहून घेतो. दुसरं म्हणजे सीएमआर का एसएमआर ते बघतो, ह्या डेटा लिहायच्या दोन पद्धती, सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे एकमेकांशेजारी असतात. एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात, जागा जास्त मिळते पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी ओळ परत लावावी लागते, म्हणून मोठं लिखाण चालू असताना ती अचानक रडत रडत चालते. नुसते व्हिडिओ टाकून ठेवायला एसएमआरही चालेल पण काका टेपा कापत-जोडत बसतात, म्हणून सीएमआर घेतली. कुठलं मॉडेल कुठल्या प्रकारचं ते कंपन्यांच्या साइटवर दिलेलं असतं, बॉक्सवर शोधू नका.

परत येऊन आधी जुनी डिस्क आणि एसएसडी अशा दोन्ही लावल्या, क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून बूट केलं, वाचता न आलेले सेक्टर सोडून पुढे जायचा रेस्क्यू पर्याय दिला आणि दीड तास बसलो. ते फक्त भरलेली जागा कॉपी करतं म्हणून दीड तास, नाहीतर रात्र झाली असती. मावशीने मधे थालीपीठ आणि लोणी दिलं. जुनी डिस्क काढली, एसएसडी ६ गिगाबिटच्या पोर्टवर, बटण दाबलं, विंडोजचा लोगो आला, निळा स्क्रीन एक क्षण चमकला आणि मशीन परत चालू. परत तेच. परत तेच.

मावशी शेजारी उभी होती, काही बोलली नाही, फक्त पदर हातात धरला. एफ८ दाबून आपोआप रीस्टार्ट बंद केलं तेव्हा निळा स्क्रीन थांबला आणि शेवटी ७बी वाला कोड दिसला, म्हणजे बूट डिस्कपर्यंत विंडोजला पोचताच येत नाही. आधी वाटलं क्लोनच बिघडलाय. मग बायोसमध्ये गेलो आणि कोपऱ्यात तारीख दिसली, २०१३ सालची! तिथे लख्ख उजेड पडला. बोर्डवरची बटणासारखी बॅटरी, सीआर२०३२, कधीच संपलेली होती, पण मशीन कायम यूपीएसला जोडलेलं म्हणून ते कोणाला कळलंच नव्हतं, आणि आज साफसफाईसाठी मी तासन् तास वायर काढून ठेवली तशी बायोसच्या सगळ्या सेटिंग पुसून मूळपदावर आल्या. असेंबल करणाऱ्याने २०१४ मध्ये साटा मोड आयडीई (साटा डिस्कने जुन्या आयडीईसारखं वागायची पद्धत) ठेवून विंडोज टाकलेलं, आणि बोर्डाची मूळ सेटिंग एएचसीआय, म्हणजे साटाची स्वतःची नवी पद्धत. विंडोज ७ ला अशी मोडची अदलाबदल झेपत नाही. आयडीई केलं, सेव्ह केलं, आणि विंडोज सरळ उघडलं, मावशीचं वॉलपेपर, तुळशीबागेतल्या गणपतीचं, समोर. तुम्ही वायर काढायच्या आधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मी ते केलं नव्हतं आणि त्यात आमचा पाऊण तास आणि मावशीचा जीव टांगणीला लागला. नंतर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) एमएसएएचसीआय नावाच्या सर्व्हिसचं स्टार्ट ३ चं ० केलं, मग बायोसमध्ये एएचसीआय केलं, आणि तेही नीट चाललं. बॅटरी खालच्या घड्याळवाल्याकडून आणली, ४० रुपये.

मोठ्या डिस्कला घाईत एमबीआर (डिस्कच्या पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत) म्हणून इनिशियलाइज केलं आणि काका म्हणाले, "अरे ४ टीबी सांगितलेस ना, हे तर २०४८ जीबीच दाखवतंय, बाकी कुठे गेलं?" एमबीआरमध्ये सेक्टरचा नंबर ३२ बिटांत लिहितात, ५१२ बाइटचा सेक्टर धरला की २ टीबीच्या पुढे नंबरच संपतात. पुसून जीपीटी (त्याचीच नवी पद्धत) केलं, ३७२५ जीबी दिसायला लागले. (कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून हा फरक, कोणी फसवलेलं नाही.) डेटाच्या डिस्कला जीपीटी विंडोज ७ वरही चालतं, अडचण फक्त बूट करायच्या डिस्कला येते, तिला यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) लागतं, आणि आमची बूटची डिस्क ५०० जीबीची असल्याने तो प्रश्नच नव्हता.

पूर्वी मावशी बटण दाबून देवाला दिवा लावून यायची तेव्हा विंडोज उघडलेलं असायचं, आता २५ सेकंद लागतात. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबलेत म्हणून ह्या मशीनला नेट अजिबात जोडायचं नाही असं आमचं ठरलंय, वकिलांचे पेनड्राइव्ह आधी माझ्या जुन्या लॅपटॉपवर तपासायचे, तो तिच्याकडेच ठेवून आलोय.

निघताना तिने विचारलं, "हे जुनं भंगारवाल्याला देऊ का?" म्हटलं मावशी, नाही. त्यात किती लोकांचे आधार नंबर आहेत, पॅन आहेत, घटस्फोटाचे अर्ज आहेत, कोणाकोणाच्या घरातली भांडणं आहेत, आणि फॉरमॅट मारून ते जात नाही, बाद झालेल्या सेक्टरमधलं तर वरून शंभर वेळा लिहिलं तरी तिथपर्यंत पोचत नाही. सहा महिने सांभाळू, तोवर नवीन नीट चाललं की मी ड्रिल आणतो आणि आतल्या चकत्यांना आरपार भोकं पाडतो. तिने ऐकून घेतलं, आतून मलमलचं फडकं आणलं, डिस्क गुंडाळून कपाटात कागदपत्रांच्या खणात ठेवली आणि वर चिठ्ठी लावली, तिच्या त्या टायपिंगसारख्या सरळ अक्षरात, "फेकू नये. विकू नये." आणि खाली तारीख.